उष्णतामापकाची साक्ष

ऊन किती आहे हें सांगावयास मनुष्यास यंत्राची गरज कधींच नव्हती. परंतु एकाचा अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाशीं ताडून पाहावयाचा म्हटला, कीं अंगाची साक्ष पुरी पडत नाहीं. तापकरी मुलाच्या कपाळावर आई हात ठेवते आणि आजीही ठेवते; दोघींचें मत एकच पडेल असा नेम नाहीं. उष्णतामापकाचा इतिहास हा वाढत्या सूक्ष्मतेचा इतिहास म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तो साक्षीदारांच्या एकमताचा इतिहास आहे, आणि आजच्या हरभऱ्याएवढ्या अंकीय उष्णतामापकांतही हा जुना तंटा मिटलेला नाहीं.

गॅलिलिओच्या काळीं इटलींत जें उपकरण प्रचारांत आलें, त्याच्या काचेच्या नळीचें तोंड खालीं पाण्यांत उघडें असे. वरची हवा तापली कीं पाणी खालीं सरे, निवाली कीं वर चढे. सांतोरिओ या वैद्यानें त्यास मोजपट्टी लावली. तथापि ऊन तेवढेंच असतांही पाणी हाले. कारण उघड्या तोंडावाटें वातावरणाचा दाबही आपलें म्हणणें त्यांत मिसळी. १६४३ च्या सुमारास टॉरिचेलीनें वायुभारमापकाचा प्रयोग केला आणि हा चोरटा साक्षीदार ओळखूं आला. पुढें दहाबारा वर्षांत टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याच्या दरबारीं तोंड बंद केलेल्या नळ्या झाल्या.

पण खरी मौज फॅरनहाइटची. डान्झिग येथें जन्मलेल्या या कारागिरानें मद्यार्क भरलेले दोन उष्णतामापक ख्रिश्चन वोल्फ या तत्त्वज्ञास दिले. दोन्ही जवळजवळ एकच अंक दाखवीत, हें पाहून वोल्फ इतका चकित झाला, कीं १७१४ सालीं त्यानें त्यावर लेख प्रसिद्ध केला. दोन यंत्रांचें एकमत ही छापण्याजोगी बातमी होती, यावरून त्या काळची अनवस्था वाचकांनींच ताडावी. १७४२ सालीं उप्सालाच्या सेल्सिअसनें उकळत्या पाण्यास शून्य आणि वितळत्या बर्फास शंभर मानून पट्टी आंखली. १७४४ मध्यें तो वारला आणि त्यानंतर ती उलटी पट्टी सुलटी झाली. पाण्याचा उत्कलनबिंदु दाबाबरोबर बदलतो, बर्फाचा मात्र जवळजवळ ढळत नाहीं, हें त्यानें दाखविलें होतें. त्याचें हें ऋण फारसें कोणी आठवीत नाहीं.

आतां आमच्या टेबलाकडे वळूं. २०१२ सालीं केंब्रिजहून निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, आणि डॅलस सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीनें मूळ काढलेला डीएस१८बी२० हा संवेदक, अशी ही जोडी आहे. संवेदकांत पारा नाहीं, काच नाहीं. सिलिकॉनचे विद्युद्गुण उष्णतेबरोबर पालटतात, त्यावरून तो आंतल्याआंतच अंक सिद्ध करितो. त्यास तीन पाय असतात: दोन विजेचे, एक बोलण्याचा. बोलण्याच्या तारेस ४.७ किलो-ओहमच्या रोधकानें ३.३ व्होल्टकडे ओढून धरावें लागतें. कारण संगणक काय किंवा संवेदक काय, तार खालीं खेंचूनच बोलतो, ती पुन्हा वर नेणारें दुसरें कोणी नसतें. एकाच तारेवर अनेक संवेदक बसवितां येतात, कारण प्रत्येकावर ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक कारखान्यांतच कोरलेला असतो.

संवेदक आपली जबानी नऊ बाइटांत देतो. त्यांतील नववा हा पहिल्या आठांचा ताळा. वाणी बेरीज पुन्हा करून पाहतो, तसा संगणक तो पडताळतो. ताळा जमला, कीं लिनक्सनें मांडलेल्या फाइलींत पहिल्या ओळीच्या अखेरीस ‘येस’ उमटतें आणि दुसऱ्या ओळींत अंशाचे सहस्रांश येतात. मूळ अंक ४०१ असेल, तर त्यास १६ नें भागून २५.०६२५ अंश. पायथनच्या दहाबारा ओळींत हें सर्व वाचून होतें, आणि नवशिक्याचा आनंद तेथें संपतो.

कां, कीं ताळा जबानीचे शब्द बदलले नाहींत एवढेंच सांगतो. साक्षीदारानें पाहिलें कीं नाहीं, हें सांगत नाहीं. वीज नव्यानें मिळतांच, मोजणी होण्यापूर्वीं, हा संवेदक ८५ अंश हाच आंकडा धरून बसलेला असतो. आम्हीं सैल जोडलेल्या तारेमुळें एके पहांटे आमच्या खोलींत ८५ अंश उष्णता नोंदली गेली, आणि तीही ‘येस’ या शिक्क्यासह! तसेंच, त्याची पायरी अंशाच्या सोळाव्या भागाची असली, तरी निर्मात्याची हमी –१० ते ८५ अंशांमध्यें अर्ध्या अंशाच्या चुकीचीच आहे. दशांशापुढें चार स्थळें छापून मिरविणारे हा भेद विसरतात.

शेजारीशेजारी ठेविलेले आमचे दोन संवेदक पाव अंशानें भांडत होते. वोल्फच्या हातीं जें आलें होतें, तें आमच्या हातीं नव्हतें. शेवटीं बर्फ कुटून थोड्या पाण्यांत कालवला, दोघांस पातळ रबरी पिशवींत गुंडाळून त्यांत बुडविलें आणि अंक स्थिर होईतों थांबलों. एकानें ०.१८७५ दाखविले, दुसऱ्यानें –०.०६२५. ते दोन आंकडे त्यांच्या क्रमांकांसमोर वहींत लिहिले, आणि प्रत्येक वाचनांतून ज्याचा त्याचा आंकडा वजा करणाऱ्या दोन ओळी प्रोग्रॅममध्यें घातल्या.