मागाहूनच्या सुखाची बाग

मंडळी, तिवस्याहून पुण्याला गेलात तर सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहा. बाहेर गाड्यांचा गोंगाट. आत तळं, मासे, लहानसे पूल. घडण जपानी, नमुना ओकायामाच्या कोराकुएन बागेचा. इकेदा सरदारांची ती बाग १७०० साली पुरी झाली. नाव मात्र १८७१ चं, अन् त्यामागचा विचार चिनी, अकराव्या शतकातला. फान झोंगयान नावाचा तिथला बडा अधिकारी सांगायचा, की राज्य चालवणाऱ्यानं काळजी लोकांच्या आधी करावी, सुख त्यांच्या मागून भोगावं. म्हणून 'कोराकुएन', मागाहूनच्या सुखाची बाग. आता गंमत बघा! नाव पडलं तेव्हाही बाग इकेदांचीच होती. रयतेला ठरावीक दिवशीच आत सोडत. सगळ्यांना ती खुली झाली १८८४ मध्ये. म्हणजे मागून सुख आलं ते लोकांच्याच वाट्याला. पुण्याची बाग महापालिकेची. तिथं तिकीट काढलं की कोणीही आत.