कंटाळ्याची कुळकथा



स्मृतिव्याख्यानासाठी 'कंटाळा' हा विषय निवडणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांनी आयुष्यभर दुपारच्या शेवटच्या तासाला ज्याच्याशी सामना दिला, तो हाच. त्याची कुळकथा आज मी शब्दांच्या साहाय्याने मांडणार आहे.

कंटाळा ही आधुनिक काळाची निपज आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. त्याला आधार दिला जातो तो इंग्रजी भाषेचा. 'बोअर' हे क्रियापद या अर्थाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. डिकन्सच्या 1852-53 मधील 'ब्लीक हाउस' या कादंबरीतील लेडी डेडलॉक तर मरणाची कंटाळलेली आहे. परंतु शब्द उशिरा आला म्हणून अनुभवही उशिरा आला, हे अनुमान टिकत नाही. इसवी सन 399 मध्ये निवर्तलेल्या इव्हॅग्रिअस या तपस्व्याने ईजिप्तच्या वाळवंटातील साधूंची अवस्था वर्णिली आहे. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा भासतो, साधू पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो. वर्गात बसलेला कोणताही मुलगा हे वर्णन आपले म्हणून ओळखील. ग्रीक भाषेत या अवस्थेला 'अकेदिया' म्हणत; शब्दशः अर्थ, आस्था नसणे.

पुढे मात्र या शब्दाचे नशीब पालटले. पोप ग्रेगरी (कारकीर्द 590 ते 604) यांनी आपल्या पापांच्या यादीत अकेदियाला वेगळे स्थान न देता ती खिन्नतेत सामावून घेतली. उत्तर मध्ययुगात ती पुन्हा यादीत आली आणि इंग्रजीत तिचे भाषांतर 'आळस' या अर्थाच्या शब्दाने झाले. मनाची एक व्यथा अशा रीतीने अंगचोरपणा ठरली. ज्याला आधार हवा होता, त्याच्या वाट्याला दोषारोप आला.

इतर भाषांनी निराळ्या वाटा धरल्या. फ्रेंचांचा 'आन्वी' लॅटिनमधील घृणावाचक शब्दप्रयोगातून आला. त्रास देणे या अर्थाचे इंग्रजी 'अनॉय' त्याचेच भावंड. जर्मन शब्दाचा सरळ अर्थ 'लांब वेळ' असा होतो. एकाने तिटकारा पाहिला, दुसऱ्याने घड्याळ.

आपल्याकडील 'उबग' हा संस्कृत 'उद्वेगा'चा वंशज. 'विज्' या धातूत थरथरणे, दचकून मागे सरणे हा भाव आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात, ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांपासून ज्याला उद्वेग होत नाही, असा भक्त वर्णिला आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, तेथे समुद्र आणि जलचर यांचा दृष्टान्त देताना 'उबगणे' हेच क्रियापद योजले. 'वीट' येतो तो अतिरेकाने, गोडाचाही येतो. 'बेजार' फारसीतून आला. मराठीत आजाराने माणूस बेजार होतो, तर आपल्या बेळगावात कानडी शेजारी 'बेजारु' म्हणतो तेव्हा त्याला कंटाळाही अभिप्रेत असतो आणि खिन्नताही. एकाच गल्लीत एकच शब्द दोन घरी दोन अर्थांनी नांदतो. शब्दांना सीमारेषा ठाऊक नसतात.

परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मराठीचा एक साधा व्याकरणविशेष. आपण 'मला कंटाळा आला' असे म्हणतो, तसेच 'त्याने कंटाळा केला' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कंटाळा पाहुण्यासारखा न बोलावता येतो. माणूस तेथे केवळ भोगणारा आहे. दुसऱ्या वाक्यात माणूस कर्ता आहे, म्हणून दोषीही. अकेदियेला जो प्रवास करण्यास कित्येक शतके लागली, तो मराठी माणूस 'येणे' सोडून 'करणे' हे क्रियापद घेताच एका क्षणात उरकतो.

शाळेत हाच प्रवास रोज घडतो. मुलाला कंटाळा येतो. आपण म्हणतो, 'कंटाळा करू नकोस.' कधी ते बरोबर असते. कधी मात्र त्याला धडा कळलेला नसतो, कधी तो फार आधीच कळून चुकलेला असतो, तर कधी घरच्या विवंचनेने त्याचे मन उडालेले असते. आता तर उबग, वीट, वैताग, खिन्नता या सर्वांऐवजी मुले 'बोअर होतंय' एवढेच म्हणतात. परका शब्द आला याचे मला दुःख नाही; 'बेजार'ही एके काळी परकाच होता. एका शब्दाखाली अनेक दुखणी झाकली जातात आणि ऐकणाऱ्याला ती ओळखता येत नाहीत, याची मात्र चिंता वाटते.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मूल कंटाळले असे दिसताच निवाडा देऊ नये. त्याला कंटाळा आला आहे की वीट, तो खिन्न आहे की केवळ थकलेला, हे आधी विचारावे. त्याला अचूक शब्द सापडला, तर उपायाची निम्मी वाट तेथेच सरते. आणि असे शब्द मुलांच्या हाती देणे हे भाषाशिक्षकाचे पहिले काम आहे.