हलत्या रेघेची वाट

चिकोडी-निपाणीचा मुलूख 1956च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. येथील मराठी-कानडी सरमिसळ मात्र त्याहून बरीच जुनी आहे, आणि तिचा एक बोलका पुरावा किळ्ळेक्यात समाजाच्या रूपाने आढळतो, कारण ‘तोगलु गोंबेयाट’, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, कानडीत करणारे हे फिरस्ते कलावंत घरात मराठीचीच एक बोली बोलत आले आहेत. बकऱ्याचे कातडे उजेड आरपार जाईल इतके पातळ करून त्यावर आकृती रेखाटायची, दागिन्यांच्या जागी बारीक छिद्रे पाडायची, रंग भरायचे आणि दिव्यापुढे ती पांढऱ्या पडद्याला टेकवून नाचवायची, अशी या खेळाची रीत. राजाची बाहुली मोठी आणि सामान्य माणसाची लहान, हा दर्जाचा हिशेबही कातडे कापतानाच ठरे. पाऊस लांबला की हा खेळ लावण्याची प्रथा होती. तेव्हा त्याला निव्वळ करमणूक म्हणणे अपुरे ठरते.

चित्रकार नलिनी मलानी यांच्या प्रदर्शनांत चित्र आणि सावली पुन्हा एकत्र आली असली, तरी त्यांना या परंपरेच्या थेट वारसदार म्हणणे घाईचे होईल. त्यांची वाट मुंबईतून निघते. 1969मध्ये अकबर पदमसी यांनी चित्रकार आणि चित्रपटकार यांना एकत्र आणणारी ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कार्यशाळा उभी केली. तेथे पदमसींनी स्वतःच्या भौमितिक रेखाटनांतून ‘सिझिजी’ हा लघुपट केला, तर सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकत असलेल्या मलानींनी पुठ्ठ्याच्या घरांची प्रतिकृती चौकटीमागून चौकट टिपून ‘ड्रीम हाउसेस’ घडवला. एक-एक चौकट टिपून निर्जीव वस्तूला चालवण्याचे हे तंत्र मराठी प्रेक्षकाला नवे नव्हते, कारण दादासाहेब फाळके यांनी 1915मध्येच ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या होत्या.

पुढे चित्रकार भूपेन खक्कर यांच्याकडून मलानींनी पारदर्शक पृष्ठभाग उलट बाजूने रंगवण्याची रीत उचलली. तीत जो तपशील इतर चित्रांत शेवटी येतो तो आधी रंगवावा लागतो आणि पार्श्वभूमी शेवटी. अशा रीतीने रंगवलेल्या पारदर्शक नळकांड्या फिरवून, त्यांवर प्रकाश टाकून त्यांनी भिंतीवर सावल्या चालवल्या, आणि येथे मात्र तोगलु गोंबेयाटाशी त्यांचे तंत्र-नाते स्पष्ट दिसते. 1992मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात ‘सिटी ऑफ डिझायर्स’साठी भिंतींवर काढलेली चित्रे प्रदर्शन संपताच पुसली गेली, जपून ठेवण्याऐवजी नाहीसे होऊ देणे हाही त्या कृतीचाच भाग होता.

लंडनच्या व्हाइटचॅपल दालनात 2020मध्ये मांडलेल्या ‘कॅन यू हिअर मी?’मध्ये आयपॅडवर बोटाने काढलेली 88 चलत्चित्रे नऊ प्रक्षेपकांतून एकमेकांवर पडत होती. किळ्ळेक्यात कलावंताचे कथानक रामायण-महाभारताच्या ठरलेल्या क्रमाने पुढे सरके; या मांडणीत तसा क्रमच नव्हता, आणि कुठून पाहायला लागायचे हे प्रेक्षकावर सोपवलेले होते.