भिंतीवाचून तुरुंग : ‘दो आँखें बारह हाथ’मधील डोळे आणि स्वर

तुरुंगावर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाला काही साधने आयतीच मिळतात : गज, साखळदंड, कुलपात फिरणाऱ्या किल्लीचा आवाज, उंच भिंतीची सावली. व्ही. शांताराम यांनी ‘राजकमल कलामंदिर’तर्फे १९५७ साली काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या हिंदी चित्रपटाने मात्र ही साधने लवकरच बाजूला ठेवली, कारण भिंतीवाचून चालणारा तुरुंग हाच त्याचा विषय होता. आदिनाथ नावाचा जेलर खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना ओसाड माळावर नेतो, त्यांच्याकडून जमीन कसून घेतो आणि पहाऱ्याऐवजी विश्वासावर त्यांना तेथे ठेवतो. जेलरचे दोन डोळे आणि कैद्यांचे बारा हात यांवरून चित्रपटाला नाव मिळाले. बंधन दिसत नसतानाही ते आहे, हे प्रेक्षकाला जाणवावे कसे, हा येथील खरा तांत्रिक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शांतारामांना ‘प्रभात’च्या दिवसांपासून स्वतः घडवलेल्या साधनांत सापडले.

‘प्रभात फिल्म कंपनी’ कोल्हापूरहून पुण्यास आल्यानंतर १९३४ साली ‘अमृतमंथन’ प्रदर्शित झाला. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी शांताराम त्यापूर्वी जर्मनीस जाऊन आले होते, छाया-प्रकाशाच्या तीव्र विरोधातून मनातील भय आणि ताण पडद्यावर उभा करण्याची तेथील चित्रपटांची रीत ‘अमृतमंथन’मध्ये स्पष्ट दिसते. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदा व्यापून टाकतो. चेहऱ्याचा किंवा त्याच्या एखाद्या भागाचा कॅमेऱ्याने इतक्या जवळून घेतलेला वेध म्हणजे क्लोज-अप, आणि त्या काळच्या भारतीय प्रेक्षकाला तो हादरवून टाकणारा होता. तो डोळा धर्मसत्तेच्या क्रौर्याचा होता. तेवीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने डोळा पुन्हा मध्यभागी आणला, पण त्याचा अर्थ उलटा केला. पळून जाऊ पाहणाऱ्या कैद्यांना आदिनाथची नजर अडवते, आणि ती पडद्यावर उमटते सुपरइम्पोझिशनने, म्हणजे एका चित्रावर दुसरे चित्र छापून दोन्ही एकाच वेळी दाखवण्याच्या तंत्राने. जेलर तेथे नसतो, तरी त्याचे डोळे असतात. अशा रीतीने बाहेरचा पहारा कैद्याच्या मनात गेला आहे हे संवादाविना सांगितले जाते. शिक्षेचे रूपांतर सदसद्विवेकात होते हा चित्रपटाचा गाभा याहून थेट मार्गाने क्वचितच सांगता आला असता.

‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या रंगीत आणि भव्य यशानंतर शांतारामांनी पुन्हा कृष्णधवल चित्रण निवडले, ही गोष्टही विचारात घेण्याजोगी आहे. जी. बालकृष्ण यांच्या छायाचित्रणात रंगांची आरास नाही. आहे ती उघडी माती, मोकळे आकाश आणि त्यांच्यामध्ये लहान दिसणारी माणसे. भिंतीची जागा क्षितिजाने घेतली आहे, आणि मोकळीक हीच कैद्यांची कसोटी ठरते.

ध्वनीच्या बाबतीतही मागील प्रयोगांची शिदोरी होतीच. ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीत, म्हणजे प्रसंगाबाहेरून भरलेले वाद्यसंगीत, वर्ज्य केले होते. प्रसंगात प्रत्यक्ष निर्माण होणारे आवाजच प्रेक्षकाला ऐकू येत. ‘दो आँखें बारह हाथ’ने तेवढा कडकपणा पाळला नाही, तरी प्रत्येक आवाजाला कथेत काम असले पाहिजे हा आग्रह त्यात टिकून आहे. तुरुंगातील दिवसाचा ताल घंटेने आणि हजेरीने ठरतो. माळावर ही जागा वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेल्या, भरत व्यास यांनी लिहिलेल्या आणि लता मंगेशकर यांनी गायिलेल्या प्रार्थनेने घेतली. तिची चाल मुद्दाम सोपी आहे, कारण ती समूहाने म्हणावयाची आहे, आणि एकेकटे राहिलेले गुन्हेगार समूह होऊ लागल्याची खूण त्या एकत्र स्वरातच आहे. पुढे असंख्य शाळांनी ती आपल्या परिपाठात घेतली, त्यामागे चालीचा हाच गुण असावा. संध्या यांनी साकारलेली खेळणी विकणारी चंपा या पुरुषी, कष्टाने ताठरलेल्या जगात खेळकर आवाज घेऊन येते, आणि पावसाचे गाणे कोरड्या जमिनीच्या दीर्घ दृश्यांनंतर आल्यामुळेच एवढे सुखावते.

ही कोरडी जमीन कल्पनेतली नव्हती. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली, आणि त्याच सुमारास मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुला तुरुंग सुरू झाला. खुला तुरुंग म्हणजे जेथे कैदी तटबंदीत न राहता शेतीवर काम करून शिक्षा पुरी करतो अशी वसाहत. चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडीलगतच्या शेटफळ्याचे, म्हणजे याच औंधच्या मुलखातले. पर्जन्यछायेतल्या माणदेशात माती पिकवणे किती कठीण असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, आणि हा सन्मान योग्यच होता. तरीही इतिहास म्हणून त्याकडे पाहताना एक उणीव नोंदवली पाहिजे. डोळ्यांच्या ज्या प्रतिमेने चित्रपटाला ताकद दिली, तिनेच सुधारणेचे सारे श्रेय एका माणसाच्या नजरेकडे वळवले. त्यामुळे एका व्यापाऱ्याने सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथचा मृत्यू झाल्यावर कैद्यांना सावरण्यासाठीही पुन्हा त्याच नजरेचा आधार घ्यावा लागतो. स्वतंत्रपूरची उभारणी मात्र एका व्यक्तीच्या तेजावर नव्हे, तर काम, कुटुंबासह राहण्याची मुभा आणि राज्यकर्त्याने मान्य केलेले नियम यांवर झाली होती. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. वसाहत बंद पडली नाही, ती पुढे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आली.