आईचं इंजेक्शन आणि उंदरांचे डोळे

परवा आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. वयोमानाने तिच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवल्यात, त्या पाझरतात, त्यामुळे समोरच्याचा चेहराच पुसट दिसतो. डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं सांगितली, एक महाग, एक बरंच स्वस्त. आई म्हणाली, "अरे, स्वस्तातलं घेतलं तर दिसेल ना नीट?" उत्तर शोधताना जो इतिहास वाचला, तो सांगतो.

१९७१ मध्ये बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी मांडलं, की कर्करोगाची गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या वाढवून घेते. त्या रोखल्या तर गाठीची उपासमार होईल. १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीत नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव व्हीईजीएफ.

मग उंदरांची पाळी आली. १९९६ मध्ये बेल्जियमचे पीटर कार्मेलिएट आणि फेरारा, दोघांच्या गटांनी या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी फक्त एक निकामी केली. दुसरी शाबूत होती, तरी रक्तवाहिन्या नीट घडल्या नाहीत आणि पिल्लं गर्भातच दगावली. १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या शास्त्रज्ञांनी नेमकं उलट केलं. उंदरांच्या पडद्यात हे प्रथिन जास्त तयार होईल, असा जनुक घातला. तिथे नको त्या वाहिन्या फुटल्या. कमी पडलं तरी घात, जास्त झालं तरी घात!

याच ज्ञानावर औषधं आली. बेव्हासिझुमॅब २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी, रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये डोळ्यांसाठी. दोन्ही जेनेनटेकचीच. २०११ च्या सुमारास अमेरिकेत दुसऱ्याचा डोस साधारण २००० डॉलरला होता. पहिल्याच्या कुपीतून डोळ्यापुरता काढलेला डोस तेव्हा ५० डॉलरच्या आसपास होता.

स्वस्त औषध तितकंच चांगलं आहे, हे सिद्ध करण्यात कंपनीला काय रस असणार? ते तपासलं अमेरिकेच्या सरकारी पैशाने. २०११ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर दृष्टीत दोन्ही तुल्यबळ. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हासिझुमॅब डोळ्यांसाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

एक खबरदारी मात्र हवी. कुपीतून डोस काढताना निर्जंतुकीकरणात हयगय झाली तर डोळा गमवावा लागू शकतो. ते डॉक्टरांना जरूर विचारा, आम्हीही विचारलं.

आईला स्वस्तातलंच दिलं. संशोधनावर सरकारने पैसे कशाला उधळायचे, असं कुणी म्हणालं, की मी आता आईचा डोळा दाखवणार आहे.