रस्त्यावरील छायाचित्रण : लोकप्रियतेची भरती-ओहोटी

लुई दागेर याने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका गजबजलेल्या हमरस्त्याचे छायाचित्र घेतले. त्या काळी एक चित्र उमटण्यास काही मिनिटे लागत. त्यामुळे धावत्या गाड्या आणि चालती माणसे त्यात उमटलीच नाहीत. उमटला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक अनाम गृहस्थ. रस्त्यावरील छायाचित्रणाचा इतिहास असा निसटलेल्या माणसांपासून सुरू होतो.

पुढे जॉन थॉमसन याने १८७७ मध्ये लंडनच्या गोरगरिबांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. परंतु त्या माणसांना कॅमेऱ्यापुढे स्थिर उभे राहावे लागे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर युजेन आत्जे हा अवजड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकाने, फेरीवाले टिपू लागला. त्याने स्वतःस कलावंत म्हणवून घेतले नाही. ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशी पाटी त्याने दारावर लावली होती. रसिकांना त्याच्या कामाचे फारसे अप्रूप नव्हते. त्याचे भरवशाचे ग्राहक म्हणजे पॅरिसमधील ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये. १९२० मध्ये त्याने सुमारे २,६०० निगेटिव्ह फ्रेंच शासनाला १०,००० फ्रँकांस विकल्या. १९२७ मध्ये तो निवर्तला, तेव्हा सर्वसामान्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. उरलेला संग्रह बेरेनिस ॲबट या तरुण छायाचित्रकर्तीने विकत घेऊन जपला आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो मिळविला.

या कलेला खरी भरती आली ती यंत्रामुळे. १९२५ मध्ये बाजारात आलेला लायका कॅमेरा हातात सहज मावे आणि धावते दृश्य क्षणार्धात टिपी. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने त्याच्या बळावर रस्त्यावरील क्षणाला काव्याची प्रतिष्ठा दिली. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर दिल्लीच्या रस्त्यांवर लोटलेला शोकाकुल जनसागर त्यानेच टिपला. १९३६ पासून निघणाऱ्या ‘लाइफ’सारख्या सचित्र साप्ताहिकांनी अशी चित्रे घरोघरी पोहोचविली. तरीही नवी दृष्टी लगेच रुचतेच असे नाही. रॉबर्ट फ्रँक याचा ‘द अमेरिकन्स’ हा ८३ चित्रांचा संग्रह १९५९ मध्ये अमेरिकेत निघाला, तेव्हा टीकाकारांनी त्यावर झोड उठविली. आज तोच अभिजात मानला जातो.

ओहोटीची कारणेही स्पष्ट आहेत. दूरचित्रवाणी आली, जाहिराती तिकडे वळल्या आणि १९७२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिक बंद पडले. फ्रान्समध्ये १९७० च्या कायद्याने खाजगी जीवनाच्या हक्कास संरक्षण दिले. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याची संमती आहे काय, हा प्रश्न गौण उरला नाही. तो रास्तही आहे. कारण रस्त्यावरचा माणूस म्हणजे केवळ विषय नव्हे. आपल्याकडे याच काळात रघुबीर सिंग यांनी मुंबई, काशी, कलकत्ता येथील रस्ते रंगीत छायाचित्रांतून मांडले. कृष्णधवल चित्रच श्रेष्ठ मानण्याच्या त्या काळात हे धाडसच होते.

मोबाइल फोनमुळे आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चित्रे उदंड झाली. परंतु स्थळ, काळ आणि प्रसंग यांची नोंद क्वचितच होते. त्यातच व्हिव्हियन मायर हिचे उदाहरण उद्बोधक ठरते. शिकागोत मुले सांभाळून उपजीविका करणाऱ्या या बाईने एक लाखाहून अधिक चित्रे टिपली, पण ती कोणास दाखविली नाहीत. भाडे थकल्यामुळे २००७ मध्ये गोदामातील तिच्या पेट्या लिलावात गेल्या. २००९ मध्ये तिचे निधन झाले आणि कीर्ती पसरली ती त्यानंतर.

मायरचे चित्रधन योगायोगाने वाचले. आत्जेचे वाचण्यास ग्रंथालयांचा वाटा मोठा होता. त्याच्या प्रत्येक चित्रास क्रमांक आणि स्थळाचे नाव होते, म्हणून नाहीशा झालेल्या गल्ल्यांचा शोध आजही त्यांवरून घेता येतो. लोकांची आवड हीच संग्रहाची कसोटी ठरली असती, तर ती चित्रे विकत घेण्याचे कारणच पडले नसते. ग्रंथालयाच्या कपाटात आज दुर्लक्षित पडलेला एखादा अल्बम उद्या गावाच्या इतिहासाचा एकमेव साक्षीदार ठरू शकतो; मात्र त्याच्या पानांवर नाव, गाव आणि साल तेवढे लिहिलेले असावयास हवे.