फरशीखालचा माल

नव्या घरात आलेल्या पाहुण्याला आपण फरशी कौतुकाने दाखवतो. तिच्याखाली काय आहे, हे तो विचारीत नाही आणि आपल्यालाही ठाऊक नसते. पुढे एखादी फरशी पायाखाली पोकळ वाजू लागली, म्हणजे मग त्या न दिसणाऱ्या थराची आठवण होते. त्या थराचा इतिहास मोठा आहे, आणि बव्हंशी तो पाण्याचा इतिहास आहे.

सिमेंट 'वाळते' असे आपण सहज बोलून जातो. तसे नाही बरं का. सिमेंट पाण्याशी संयोग पावून दगड होते. स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौथाई पाणी ते पोटात घेते. ते मिळण्याआधीच पाणी निघून गेले, तर थर कच्चा राहतो. साध्या चुन्याची गोष्ट निराळी. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, आणि तेही फार सावकाश.

रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फरशीखालच्या थराचे प्रमाण लिहून ठेवले आहे: कुटलेली खापरे तीन भाग, चुना एक भाग, जाडी सहा बोटांहून कमी नको. ही कुटलेली खापरे म्हणजे आपली सुरखीच की! तिच्यामुळे चुना ओलाव्यातही धरतो. असे का होते, याचा शोध इंग्लंडात जॉन स्मीटनने एडिस्टोनचे दीपगृह बांधताना (१७५६ ते १७५९) घेतला. ज्या चुनखडीत माती मिसळलेली असते तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, असे त्याला दिसले. पुढे १८२४ साली लीड्सचा गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन याने 'पोर्टलंड' सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचा कारखाना सुरू झाला, आणि हळूहळू बैलांच्या चुनाघाण्या थांबल्या.

घाणी थांबली, हाताची सवय मात्र थांबली नाही. साध्या चुन्याचा माल घट्ट झाला, तर पाणी शिंपडून तो पुन्हा मळता येई, कारण तो मुळी धरलेलाच नसे. सिमेंटचे तसे नाही. एकदा धरू लागलेल्या मालात पाणी घालणे म्हणजे नुकती जुळलेली वीण उसवणे. तरी आजही 'घट्ट झालंय, मार थोडं पाणी' हे वाक्य बांधकामावर ऐकू येतेच.

सिमेंटच्या मालावर फरशी बसवायची तर ती आधी पाण्यात भिजवीत, नाहीतर कोरडी फरशी मालातले पाणी पिऊन टाकी. हा त्रास १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत सुटला. सेल्युलोजपासून केलेली एक भुकटी सिमेंट व बारीक वाळूत चिमूटभर मिसळली, की ती पाणी धरून ठेवते. मग भिजवण्याचे कारण उरले नाही. दोन बोटे जाडीच्या थराचे काम तीन ते सहा मिलिमीटरवर आले. हेन्री रॉथबर्ग याने १९५६ साली सिमेंटमध्ये लॅटेक्स, म्हणजे रबरासारख्या द्रव्याचे दूध, वापरण्याचा उद्योग सुरू केला. आजच्या व्हिट्रिफाइड फरशीला असाच चिकट माल लागतो. ती आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. नुसत्या सिमेंटला तिच्यात शिरायला जागाच नाही. भारतीय मानक ब्यूरोने या मालासाठी २००४ साली स्वतंत्र मानक काढले.

आता कालवण्याचे पाहा. घमेल्यात आधी पोत्यावर सांगितलेले पाणी मोजून घ्यायचे, मग पूड सोडायची. उलट केले तर तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात. सावकाश ढवळायचे आणि पाच-दहा मिनिटे तसेच ठेवायचे. गवंड्याला ही वेळ फुकट गेलीशी वाटते, पण सेल्युलोज विरघळते ते तेव्हाच. मग पुन्हा ढवळायचे, पाणी न घालता. खाचांच्या थापीने माल पसरायचा, वर साय धरण्याआधी फरशी बसवायची, आणि मधूनच एखादी ओली असताना उचलून पाहायची. तिची पाठ मालाने सगळी भरलेली दिसली, तर गवंड्याला पुढे जाऊ द्या.